लग्नाआधी रिपोर्ट मागणाऱ्या ग्रामसभेला

प्रति,
सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामस्थ मंडळी,

सप्रेम नमस्कार.

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तुम्ही एक ठराव मांडणार आहात असं कळलं. गावातल्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न ठरलं की दोन्हीकडचा एचआयव्हीचा रिपोर्ट आधी ग्रामपंचायतीत जमा करायचा, त्याशिवाय लग्नाची नोंद करायची नाही, असा तो ठराव. तुमच्याच गावातल्या एका तरुणाने मसुदा मला फोनवर वाचून दाखवला. त्यात कोणाचं वाईट चिंतलेलं नाही, हे मला दिसतं. आपली लेक डोळे झाकून कोणाच्या घरात जाऊ नये, एवढीच तुमची काळजी आहे. तरीही हा ठराव करू नका, अशी हात जोडून विनंती करायला मी लिहिते आहे.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर उद्या सकाळी पारावर 'आपल्यातला कोण असेल?' याची मोजदाद सुरू झाली असती.

मी आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. अठरा वर्षं झाली. एचआयव्हीची तपासणी होते ती खोली माझी. खोलीबाहेर एक बाकडं आहे, पण त्यावर कोणी बसत नाही. लोक समोरच्या दातांच्या डॉक्टरांच्या रांगेत उभे राहतात आणि व्हरांडा रिकामा झाला की पटकन आत शिरतात. काही जण दारापर्यंत येऊन परत जातात, कारण ओळखीचं कोणीतरी केसपेपर काढताना दिसतं. असे परत गेलेले पुन्हा येतात ते कधी वर्षाने, कधी दोन वर्षांनी, आणि तेव्हा त्यांना कोणीतरी धरून आणलेलं असतं. ठराव झाला की या दारातून येणारे वाढतील, असं तुम्हाला वाटतं. माझा अनुभव सांगतो की ते कमी होतील.

एक बाई आहेत. (कोणी ओळखू येऊ नये म्हणून या पत्रातल्या माणसांचे तपशील मी बदलले आहेत.) त्यांच्या घरापासून चौदा किलोमीटरवर एचआयव्हीच्या गोळ्या मिळायची सोय आहे. त्या जातात दुसऱ्या जिल्ह्यात. पहाटे साडेपाचला निघायचं, दोन एसट्या बदलायच्या, रात्री आठला घरी. घरी सांगतात, कंबरेचं दाखवायला चाललेय. एचआयव्ही असलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पण त्या पूर्ण तिकीट काढतात. सवलतीसाठी कागद दाखवावा लागतो आणि कंडक्टर शेजारच्या गावचा आहे. गोळ्यांची डबी चालताना खुळखुळते म्हणून तिच्यात कापूस कोंबतात. लेबल स्टँडवरच सोलून टाकतात. उपचाराची नोंद असलेलं हिरवं पुस्तक ज्वारीच्या कणगीत असतं. एका वर्षी घरात आजारपण, मग दिराचं लग्न, मग पेरण्या, असं करत बाहेर पडायला निमित्तच मिळेना. चार-पाच महिने गोळ्या बंद राहिल्या. पुढे त्या माझ्यासमोर आल्या तेव्हा संध्याकाळचा ताप होता, खोकला होता आणि वजन 36 किलो. टीबी निघाला.

गोळी सरकारी कपाटात होती, फुकट होती. त्या बाई आणि ती गोळी यांच्यामध्ये आपण सगळे उभे होतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नव्वदच्या दशकातली आणि त्यानंतरची ती वर्षं पाहिली आहेत. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 साली झाली. चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी केलेल्या तपासणीतून. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या भागातले धडधाकट गडी वर्षा-दोन वर्षांत वाळून गेले. तिरडीला खांदा द्यायला भावकी पुढे येत नव्हती, हे मी माझ्या माहेरी डोळ्यांनी पाहिलंय. आणि त्याच काळात आरोग्यवाल्यांनी भिंतीभिंतींवर कवट्या रंगवल्या, 'एड्सला औषध नाही' असं लिहिलं. ती भीती तुमच्या मनात आम्हीच घातली. औषध आलं तेव्हा मात्र तेवढ्या मोठ्या अक्षरात कोणी भिंती रंगवल्या नाहीत. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी दवाखान्यांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, मोफत मिळू लागली. सुरुवात देशातल्या मोजक्याच रुग्णालयांत झाली, मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. आधी रक्तातल्या सीडी फोर पेशी (त्या काय ते पुढे सांगते) ठरावीक आकड्याखाली गेल्याशिवाय गोळ्या सुरू होत नसत. 2017 पासून ती अट गेली. आज तपासणीत निघालं की गोळी सुरू करता येते, सीडी फोर कितीही असो.

हा आजार शरीरात करतो काय, तेही सांगते, कारण ठरावाच्या मसुद्यात 'एड्सग्रस्त' आणि 'एचआयव्ही' हे शब्द एकाच अर्थाने आलेत. एचआयव्ही हा विषाणू. तो रक्तातल्या सीडी फोर या पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो, तिथेच वाढतो आणि त्या पेशी मारतो. या पेशी म्हणजे आपल्या अंगातली राखण. निरोगी माणसात रक्ताच्या दर घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण 500 ते 1500 असतात. औषधाशिवाय त्या हळूहळू कमी होत जातात आणि 200 च्या खाली गेल्या, किंवा काही ठरावीक आजारांनी घेरलं, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. लागण झाल्यापासून तिथवर पोचायला आठ-दहा वर्षंही लागतात. तेवढा काळ माणूस औत हाकतो, ट्रक चालवतो, लेकरं वाढवतो. त्याचं त्यालाही कळत नाही. मग तरण्या वयात अंगावर नागीण उठते, तोंडात पांढरा थर जमतो, जुलाब थांबत नाहीत, वजन उतरतं. नागीण म्हटलं की आपल्याकडे आधी मंत्र घालणारा शोधतात. नागीण कोणालाही होऊ शकते, पण ऐन पंचविशी-तिशीत झाली तर एकदा रक्त तपासून घ्यावं, एवढं घरोघरी माहीत झालं तरी कितीतरी लोक वेळेत सापडतील. सगळ्यात जास्त जीव घेतो तो टीबी. म्हणून टीबीच्या प्रत्येक रुग्णाला आम्ही एचआयव्हीची तपासणी सुचवतो आणि एचआयव्हीच्या प्रत्येक रुग्णाला दर भेटीत खोकला, ताप, रात्रीचा घाम विचारतो.

पसरतो तो चार वाटांनी: निरोधाशिवायच्या लैंगिक संबंधातून, दूषित रक्तातून, वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, एका हंड्यातलं पाणी प्यायल्याने, डास चावल्याने, कुस्तीत अंगाला अंग लागल्याने पसरत नाही. हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. तरी हळदीकुंकवाला एखादीच्या हातात स्टीलऐवजी कागदी कप येतो. तिला ते बरोबर कळतं.

गेल्या काही वर्षांत सगळ्यात मोठा बदल झाला, पण तो गावापर्यंत पोचलाच नाही. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी असते, तिच्यात तीन औषधं: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर. ती न चुकता घेतली की साधारण सहा महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तो मोजायच्या, व्हायरल लोडच्या तपासणीत तो सापडतच नाही. तो असा दबलेला आहे तोवर त्या माणसाकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही हे स्पष्ट सांगितलंय. गोळी थांबवली की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून गोळी जन्मभराची. बाळाचंही तसंच. काहीच उपचार नसले तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के. आईला वेळेत गोळ्या आणि बाळाला जन्मल्यावर औषध मिळालं तर ते 5 टक्क्यांच्या खाली येतं. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते, शेवटची अठराव्या महिन्यात. त्या शेवटच्या तपासणीचा निगेटिव्ह कागद आईच्या हातात देणं हे माझ्या नोकरीतलं सर्वांत मोठं सुख. एक आई तो कागद घेऊन बराच वेळ नुसती दारात उभी राहिली होती. तिला तो कोणाला तरी दाखवायचा होता, आणि दाखवावा असं गावात एकही माणूस नव्हतं.

आता ठरावाकडे येते.

रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे मुलगा 'चोख' असं तुम्ही धराल. लागण झाल्यापासून काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, नेहमीच्या तपासणीत ती दिसत नाही. आणि लग्नानंतर कामाला बाहेर राहिलेल्या माणसाचं काय? बैठकीच्या दिवशीचा कागद पुढच्या तीस वर्षांची हमी कशी देणार? उलट, एकदा कागद मिळाला म्हणून ती मुलगी पुढे नवऱ्याला काही विचारायलाही धजणार नाही. 'रिपोर्ट दिला होता की' म्हणून तोंड बंद. सक्ती झाली की पैसे देऊन हवा तसा रिपोर्ट आणून देणारेही उगवतात. आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवणार. कपाटाची किल्ली कोणाकडे? लग्नाच्या नोंदीला थांबलेल्या दहा माणसांसमोर एकाचीच नोंद अडली, तर न सांगता सगळं सांगून झालं.

दूरच्या एका गावात, लेखी ठराव नसताना, नुसत्या चालीरीतीने रिपोर्ट मागायला लागले होते. तिथली एक मुलगी बारावी झालेली. तिचे वडील ती लहान असताना या आजाराने गेले होते. तिची स्वतःची तपासणी निगेटिव्ह होती, तीनदा निगेटिव्ह. पण रिपोर्ट मागायच्या निमित्ताने वडिलांची गोष्ट निघाली आणि सुपारी फुटली तरी सोयरीक मोडली. पुढचं स्थळ यायच्या आत बातमी तिथे पोचलेली असायची. तिने आईला विचारलं, 'मला नाहीये तर मग मला काय झालंय?' त्या माउलीने तोच प्रश्न माझ्यासमोर ठेवला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या ठरावात आजार नसलेल्यांचीही अशीच परवड मला दिसते, म्हणून माझा जीव वर-खाली होतो.

शिवाय हे कायद्यात बसत नाही. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. माणसाच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. आपल्याला एचआयव्ही आहे की नाही हे सांगायला कोणाला भाग पाडता येत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यांत भेदभाव करता येत नाही. अशा लोकांविरुद्ध द्वेष पसरवला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याच कायद्यातली एक तरतूद मला फार जवळची वाटते. आईबाप गेलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या घरात 12 ते 18 वर्षांचं समजदार मोठं भावंड धाकट्याचं पालक म्हणून शाळेचा दाखला, बँकेचं खातं, उपचार यांच्या कागदांवर उभं राहू शकतं. कायदा लिहिताना कोणीतरी अशी घरं जवळून पाहिली असणार. कायद्याची भीती घालायला मी हे लिहीत नाही. पण ठरावावर उद्या कोणी हरकत घेतली तर सही तुमची असेल, हे माहीत असावं.

'मग मुलीला फसवू द्यायचं का?' हा प्रश्न सभेत येणारच. नाही, द्यायचं नाही. ज्याला आपल्याला एचआयव्ही आहे हे माहीत आहे आणि ज्याचं समुपदेशन झालंय, त्याने जोडीदाराला लागण होऊ नये म्हणून काळजी घेणं हे त्याच कायद्याने त्याचं कर्तव्य ठरवलंय. हे आम्ही त्याला सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो, बरोबर बसून जोडीदाराला कसं सांगायचं याची तालीम करून घेतो. पण हे सगळं तो आमच्या खोलीत आला तर! स्वतःहून आलेल्या माणसाशी बोलता येतं. धरून आणलेला खाली मान घालून बसतो, कागद घेतो आणि जातो.

स्वतःहून येणारे असतात. ठरलेल्या लग्नाआधी एक मुलगा आणि मुलगी माझ्याकडे आले होते, दोघंही कारखान्यात कामाला. मुलाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तो तिला एकट्यात सांगायला तयार झाला, मी बाहेर थांबले. तिने आठ दिवस मागितले. या आठ दिवसांत कोणी तिच्यावर दबाव आणला नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. पुढे त्यांनी काय ठरवलं ते लिहिणं बरं नव्हे. जे ठरवलं ते तिने ठरवलं, सगळं माहीत असताना. तुम्हालाही तुमच्या लेकींसाठी हेच हवंय ना?

लोकांनी मनावर घेतलं तर काय होतं, ते बघायला लांब जायला नको. सांगलीच्या गोकुळनगरात 1992 पासून 'संग्राम' या संस्थेबरोबर वेश्या व्यवसायातल्या बायकांनीच एकमेकींना निरोध वाटायला, समजावायला, दवाखान्यात न्यायला सुरुवात केली. पुढे त्यांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. गिऱ्हाइकाला निरोधाशिवाय नाही म्हणायचं, त्यासाठी उपाशी राहायची तयारी ठेवायची, हे त्यांनी एकीने केलं. पोलिसांनी किंवा ग्रामसभेने लादलेल्या सक्तीतून हे झालं नसतं. दुसरीकडे लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात 2009 साली एचआयव्ही असलेली मुलं शाळेत बसतात म्हणून बाकीच्या पालकांनी आपली मुलं घरी ठेवली होती. तेही गावाने एकीनेच केलं होतं.

देशात आजही सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि संख्येने सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात आहेत. नव्या लागणी आणि मृत्यू 2010 च्या मानाने बरेच घटले आहेत. म्हणजे आता गावागावात जे आहेत ते जगणारे लोक आहेत, म्हातारे होणारे, नातवंडं खेळवणारे. त्यांच्याबरोबर कसं राहायचं ते तुमची सभा ठरवणार आहे.

ठरावाची जागा रिकामी ठेवू नका, दुसरा ठराव घ्या. गावातल्या कोणाच्याही आजाराची चर्चा ग्रामपंचायतीत होणार नाही, एवढं एक वाक्य इतिवृत्तात लिहा. संजय गांधी निराधार योजनेत हा आजार बसतो, पण यादी चावडीवर मोठ्याने वाचली जाते, 'हिला कशातून मिळतंय?' असं विचारलं जातं, म्हणून पात्र बाया अर्जच करत नाहीत. यादी वाचताना कारण वाचू नका. आशाताईंना 'आपल्या गावात कोणाला आहे?' असं विचारणं आजपासून बंद करा. त्यांनी एकदा जरी उत्तर दिलं तरी त्यांच्या हातून लसीचा डोससुद्धा कोणी घेणार नाही. दसरा झाला की तुमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमांना बोलावून सांगा की गोळ्या चालू असलेल्याला बाहेरगावच्या एआरटी केंद्रातून त्या घेता येतात, निघण्याआधी आपल्या केंद्राला सांगून कागद करून घ्यायचा असतो, आणि उचल घेतली म्हणून गोळ्या आणायच्या दिवशी कोणाला फडावर अडवून ठेवायचं नाही. नाव विचारायची गरज नाही. सगळ्यांना सांगितलं की ज्याला हवं त्याच्या कानावर पडतं. आणि शाळेच्या फळ्यावर, पाण्याच्या टाकीवर, दूध डेअरीच्या भिंतीवर एचआयव्हीबद्दल विचारायचा 1097 हा नंबर लिहा. फोन मोफत आहे आणि नाव सांगावं लागत नाही.

लग्न ठरलेल्या मुलामुलींनी तपासणी करून घ्यावी, असं मलाही वाटतं. पत्रिका छापायच्या आधी दोघांनी मिळून यावं. तपासणी मोफत आहे, रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात, दुसऱ्या कोणाच्या नाही. आपल्या तालुक्यात यायचं नसेल तर जिल्ह्याला जा, शेजारच्या तालुक्यात जा, कुठेही चालतं. वडीलधाऱ्यांनी फक्त 'जाऊन या' म्हणावं, आणि परत आल्यावर 'काय आलं?' असं विचारू नये.

15 तारखेला सभा दहाला आहे असं समजलं. तुम्ही बोलावलंत तर साडेनऊला येते. झेंडावंदनानंतर शाळेच्या एका वर्गात बायकांशी वेगळं बोलायला अर्धा तास द्या, पुरुषांशी नंतर मंदिरासमोर बोलू. निरोध कसा वापरायचा तेही दाखवेन, तेव्हा लाजून कोणी उठून जाऊ नये एवढं आधी सांगून ठेवा. तपासणीचं साहित्य मी आणणार नाही. त्या दिवशी त्या गर्दीत कोणाचंही रक्त घ्यायचं नाही. ज्याला यायचंय त्याच्यासाठी आमची खोली सोमवार ते शनिवार उघडी असते, आणि दातांच्या डॉक्टरांची रांग शेजारीच आहे.

आपली,
एक समुपदेशक,
ग्रामीण रुग्णालय